फेब्रुवारीत नामिबियाला जाताय? मग हवामान असं बघा

"नामिबिया, फेब्रुवारी, सरासरी तापमान इतकं, पाऊस इतका" असा एका ओळीतला आकडा कुठे दिसला तर सरळ सोडून द्या, त्याचा काडीचा उपयोग नाही. ईशान्य टोकाच्या कतिमा मुलिलोला धो धो कोसळत असतो त्याच दिवशी समुद्रकिनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंडला लोक जॅकेट घालून धुक्यात फिरत असतात.

मॅप उघडा आणि ईशान्येच्या टोकापासून नैऋत्येकडे तिरकं बघत या. पाऊस तसाच कमी होत जातो. वर्षाचा हिशोब धरला तर कतिमाला 600 मिमीच्या वर, मध्यावरच्या राजधानी विंडहुकला साधारण 350 आणि किनाऱ्यावरच्या वॉल्विस बेला 20 सुद्धा नाही. जानेवारी ते मार्च हा मेन सीझन, त्यामुळे फेब्रुवारीत विंडहुकला 70-80 मिमी पडतो. किनारा कोरडा राहतो कारण समुद्रातला बेंग्वेलाचा थंड प्रवाह खालची हवा गार ठेवतो, ती वर चढतच नाही, मग पावसाचे ढग कुठून येणार, धुकं मात्र भरपूर.

तापमानासाठी आधी उंची बघा. विंडहुक साधारण 1,650 मीटरवर आहे म्हणून भर उन्हाळ्यातही (फेब्रुवारी म्हणजे तिकडचा उन्हाळा) दुपारी 28-30 आणि रात्री छान 16-17. दक्षिणेत कीटमन्सहूपला 35 सहज, आणि खाली आई-आईसच्या दरीत 40 च्या पुढे. त्याच दरीतला, म्हणजे फिश रिव्हर कॅन्यनचा ट्रेक 1 मेआधी उघडत नाही तो या उन्हामुळे आणि अचानक येणाऱ्या पुरामुळे, त्यामुळे तो प्लॅनमधून काढाच.

आता मिलिमीटरचं. महिन्याचा पाऊस रोज थोडा थोडा पडत नाही, दुपारनंतर ढग जमतात, तासभर झोडपतो आणि दहा किलोमीटरवर रस्ता कोरडा ठणठणीत. वर्षावर्षातही प्रचंड फरक, 2011 ला उत्तरेत मोठा पूर आला आणि 2019 ला दुष्काळामुळे आणीबाणी जाहीर करावी लागली. म्हणून सरासरीपेक्षा त्या वर्षीचा सीझन कसा चाललाय ते बघा, आठवड्याचा अंदाज बघा, आणि लांबचं ड्रायव्हिंग सकाळीच उरका.

सगळ्यात धोका कोरड्या नद्यांचा, हे लोक हसण्यावारी नेतात. आभाळ निरभ्र असलं तरी वर कुठेतरी पडलेलं पाणी खाली येतं. 2006 च्या फेब्रुवारीत मारिएन्टाल गाव असंच बुडालं, वरच्या हार्डाप धरणातून पाणी सोडावं लागलं होतं. नदीपात्रात तंबू ठोकायचा नाही, आणि कच्च्या रस्त्यावर पाणी वाहत असेल तर थांबायचं, बऱ्याचदा काही तासांत उतरतं.

उत्तरेतल्या इटोशा अभयारण्यात या दिवसांत पाणी सगळीकडे असतं म्हणून प्राणी पांगतात, सिंह-हत्ती हमखास बघायचे असतील तर हा महिना नाहीच. पक्षी मात्र भरपूर, पाऊस चांगला झाला असेल तर फ्लेमिंगोसुद्धा. तिकडे आणि त्याच्या उत्तरेला याच दिवसांत मलेरिया असतो, निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या.