सरकारी सॉफ्टवेअर रखडलंय? मग जाब असा विचारा

तहसील म्हणा, नगरपालिका म्हणा, कुठंही गेलं की "सर्व्हर डाऊन हाय, उद्या या" हे ठरलेलं, आणि वाडी-तांड्यावरून तालुक्याला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी गेलीच की. पण काउंटरवरच्या क्लार्कवर खेकसून काय उपयोग नाही, त्याच्याकडं नुसतं लॉगिन असतं, करार नसतो.

म्हणून आधी करार कुणाकडं आहे ते बघा. सातबारा, ई-फेरफार असेल तर पुण्याचं जमाबंदी आयुक्त कार्यालय, सॉफ्टवेअर एनआयसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं. घरपट्टीच्या ऑनलाइन सिस्टीमचं टेंडर नगरपालिकेनंच काढलेलं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज तिथंच. चुकीच्या ऑफिसात पडला तर त्यांनी ५ दिवसांत पुढं पाठवायचा असतो, पण त्या भरवशावर बसू नका.

आता माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, महाराष्ट्राचा नियमच आहे तो. लोक इथंच घोळ घालतात, "प्रोजेक्ट का बंद पडला, जबाबदार कोण" असं विचारतात आणि "माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं एका ओळीचं उत्तर घेऊन घरी येतात. 'का' विचारूच नका, कागद मागा. असं लिहा:

"सदर प्रणालीचा कार्यादेश व करारनामा, आजवर अदा केलेली सर्व देयके, प्रत्येक देयकासोबतचे काम पूर्णत्वाचे प्रमाणपत्र, दिलेल्या मुदतवाढीचे आदेश व विलंबापोटी वसूल केलेल्या दंडाचा तपशील, यांच्या प्रती मिळाव्यात."

कागद हातात आले की तारखा जुळवत बसा, खरी मजा तिथंच आहे. बिल मार्चएंडला निघालं आणि प्रमाणपत्र जूनचं, म्हणजे काम व्हायच्या आधीच पैसे गेले. मुदतवाढ तीनदा आणि दंड 'निरंक' म्हणजे शून्य, तर करारातलं दंडाचं कलम काढून त्याच्याशेजारी ठेवा. कॉम्प्युटर, प्रिंटर घेतले असतील तर वेगळा अर्ज टाकून डेडस्टॉक रजिस्टरची (ऑफिसातल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) तपासणी मागा आणि नोंदीतला माल दाखवा म्हणा, कधीकधी तो अजून खोक्यातच असतो!

"कंपनीचं व्यापारी गुपित आहे" म्हणून नाकारलं तर घाबरू नका, कलम १० प्रमाणे गुपित तेवढं झाकून बाकीचं द्यावंच लागतं, अपिलात तेच लिहा. उत्तराला मुदत ३० दिवस, आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं, आपल्या मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडं, तिथं मात्र तारीख लागायला लई वाट बघावी लागते, त्यामुळं पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा.

आणि फक्त माहिती अधिकारावर थांबू नका. सरकारी खर्च तपासणारी यंत्रणा म्हणजे कॅग, मराठवाड्यातल्या सरकारी ऑफिसांचं तिचं ऑडिट नागपूरच्या महालेखाकारांकडून होतं, तारखांचा तक्ता एका पानावर करून तिकडं स्पीड पोस्टानं पाठवा. कॅगच्या वेबसाईटवर महाराष्ट्राचे अहवाल फुकट आहेत, आपल्या खात्याचं नाव त्यात शोधा. सापडलं तर परिच्छेद नंबरसकट आमदाराला द्या, कारण हे अहवाल विधिमंडळात मांडले जातात आणि नंतर आमदारांची लोकलेखा समिती खात्याच्या सचिवांना समोर बसवून विचारते. आमदार त्या समितीवर नसला तरी तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) टाकू शकतो, फक्त अधिवेशनाच्या बरंच आधी गाठा त्याला.