बटुग्रहांविषयी सांगताना या चुका टाळा

‘प्लूटो फार लहान म्हणून त्याला ग्रहांच्या यादीतून काढलं.’ शाळेच्या प्रकल्पवहीत आणि व्हॉट्सॲपवर हे वाक्य हमखास सापडतं. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने ग्रहाची व्याख्या ठरवली, तिच्यात व्यासाचा आकडाच नाही. अटी तीन: सूर्याभोवती फिरणं, स्वतःच्या गुरुत्वाने जवळपास गोल होणं आणि आपल्या कक्षेच्या परिसरावर हुकमत असणं. प्लूटो अडला तो तिसऱ्या अटीवर. पहिल्या दोन अटी पाळून तिसरीवर अडणारा तो बटुग्रह.

इथे लगेच कुणीतरी विचारतं, ‘गुरूच्या कक्षेतही हजारो लघुग्रह आहेत, मग गुरू नापास का नाही?’ प्रश्न रास्त आहे. पण ते लघुग्रह गुरूच्याच गुरुत्वाच्या तालावर फिरतात. प्लूटोचं उलट आहे. नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत त्याच्या दोन होतात, हे गणित नेपच्यूनने लादलेलं, आणि त्यामुळे दोघं कधी जवळ येत नाहीत. म्हणूनच १९७९ ते १९९९ या काळात प्लूटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ असूनही टक्कर होण्याचा प्रश्न नव्हता.

एरिस हा आणखी एक बटुग्रह प्लूटोपेक्षा मोठा, हेही आता सोडून द्या. प्लूटोचा व्यास सुमारे २,३७७ किमी, एरिसचा २,३२६ च्या आसपास. वस्तुमान मात्र एरिसचंच जास्त, सुमारे २७ टक्क्यांनी.

सगळे बटुग्रह नेपच्यूनपलीकडे ढकलू नका. सीरिस हा बटुग्रह मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात आहे. १ जानेवारी १८०१ रोजी खगोलशास्त्रज्ञ पियाझीने इटलीतल्या पालेर्मोहून तो शोधला, काही दशकं तो ग्रह म्हणून मिरवला, आणि शेजारी भराभर सापडू लागल्यावर लघुग्रह ठरला. प्लूटोसाठी हळहळणाऱ्यांना सीरिस आठवत नाही, याची मला गंमत वाटते. हौमिया या बटुग्रहाचं चित्र काढताना कंपास नको: तो साधारण चार तासांत गिरकी घेतो आणि त्यामुळे अंड्यासारखा लांबट झालाय.

‘नवग्रहांतला एक कमी झाला’ असंही म्हणू नका. नवग्रहांत सूर्य, चंद्र, राहू, केतू येतात. प्लूटो त्यात कधी नव्हताच.

लहान दुर्बिणीतून प्लूटो दिसत नाही म्हणून दुर्बीण सदोष समजू नका, तो फारच अंधूक आहे. सीरिस शोधा. तो पृथ्वीच्या जवळ असताना अंधाऱ्या आकाशात द्विनेत्रीतूनही सापडतो, पण ताऱ्यासारखाच दिसतो. त्या भागाचं रेखाचित्र काढा, दोन-तीन रात्रींनी पुन्हा पाहा. जो ठिपका सरकला, तो सीरिस.