आरोग्याचा प्रोजेक्ट घेताय? आधी उपकेंद्रात जाऊन बसा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी बहुतेक ग्रुप कोणता सेन्सर हाताशी आहे यावरून प्रोजेक्टचा विषय ठरवतात आणि मग त्याला साजेसा प्रश्न शोधतात. आरोग्याचा विषय घेणार असाल तर हा क्रम उलटा करा. मी इन्स्ट्रुमेंटेशनची विद्यार्थिनी. आमच्या ग्रुपने ग्रामीण लसीकरणाचा विषय घेतला होता, आणि त्या वर्षातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण मला लॅबच्या बाहेर मिळालं.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी, हे आम्ही वाचून गेलो होतो. ऊन वाढलं, डबा तापला की अलार्म वाजला पाहिजे, अशी साधारण कल्पना होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टरांनी डीप फ्रीझरमधून बर्फाचे पॅक काढले आणि टेबलावर मांडून ठेवले. लगेच डब्यात का भरत नाही, असं विचारल्यावर त्यांनी थोड्या वेळाने एक पॅक माझ्या कानाशी धरून हलवला. आत पाणी हलल्याचा आवाज आला की मगच तो व्हॅक्सिन कॅरियरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या डब्यात, जातो. कडक गोठलेल्या पॅकला लागून पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस) किंवा हिपॅटायटिस बी गोठली तर ती लस वाया जाते. पुन्हा पातळ झाली तरी तिचा उपयोग नाही, आणि बाटलीकडे नुसतं बघून ते ओळखू येईलच असं नाही. सत्राच्या दिवशी सकाळी गडबड असते, तेव्हा पॅक टेबलावर राहण्याचा वेळ कमी पडू शकतो. आमच्या उपकरणाचं काम तिथे ठरलं: वरच्या मर्यादेइतकीच खालचीही राखण करायची.

परदेशातलं एक उदाहरण प्रत्येक ग्रुपने अभ्यासावं असं मला वाटतं. २००७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांना स्वस्त इन्क्यूबेटर बनवण्याचं काम मिळालं. त्यांच्यातला एक जण नेपाळला गेला. तिथल्या रुग्णालयात इन्क्यूबेटर होते, पण रिकामे. कमी वजनाची बाळं खेड्यांतून तिथवर पोचतच नव्हती. मग त्यांनी पेटी सोडली आणि बाळाला गुंडाळायची पिशवी केली. तिच्यात मेणासारख्या पदार्थाचा पाऊच असतो. तो गरम करून आत सरकवला की काही तास सुमारे ३७ अंशांची ऊब देतो. पुढे त्यातून ‘एम्ब्रेस’ ही संस्था उभी राहिली आणि बंगळूरुहून तिचं काम चाललं.

आपल्याकडचं उदाहरण विद्यार्थ्यांचं नाही, पण मला ते याहून जवळचं आहे. दोन महिन्यांखालचं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, किंवा दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतचं ५० किंवा जास्त, तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा असतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेबरोबर काम करणाऱ्या अनेक दायांना एवढे आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असलेलं साधन तयार झालं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत हिरवे मणी संपून लाल मण्यावर यावं लागलं, तर बाळाला न्यूमोनिया आहे असं धरायचं. बॅटरी नाही, स्क्रीन नाही. जिच्या हातात ते जाणार तिला काय येतं, तिथून सुरुवात केल्यामुळे हे घडलं. इनोव्हेशन म्हणतात ते हेच, असं मी ठामपणे म्हणेन, मग परीक्षकांना त्यात सर्किट दिसो वा न दिसो.

आता थोडं व्यवहाराचं. रुग्णावर काही तपासायचं असेल तर एथिक्स कमिटीची मान्यता आणि लेखी संमती लागते, आणि ती प्रक्रिया एका शैक्षणिक वर्षात मावेलच असं नाही. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यांनी रुग्णाला हात न लावता होणारं काम निवडावं: लस वाहतूक, नोंदी, उपकरणांची स्वच्छता. केंद्रात जाताना वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे कॉलेजचं पत्र न्या. लसीकरणाच्या दिवशी आशाताईंना प्रश्नावली भरायला लावू नका. बाजूला बसून बघा आणि लागेल तिथे हात द्या. प्रश्न त्या मोकळ्या झाल्यावर विचारा. बाळांचे फोटो काढू नका.

मार्गदर्शनासाठी आयआयटी मुंबईत १९८५ पासून ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणारं ‘सितारा’ आहे, आणि वैद्यकीय उपकरणांसाठी ‘बेटिक’. त्यांचं आधीचं काम वाचलंत तरी विषय बराच नेमका होतो.

उपकरण केंद्रातच ठेवून यायचा विचार असेल तर सेल तालुक्याच्या बाजारात मिळणारा वापरा, एक पानाची मराठी माहिती डब्यावरच चिकटवा आणि दुरुस्तीसाठी पुढच्या बॅचमधल्या कोणाला तरी सोबत नेऊन ओळख करून द्या. भेटीचं पत्र मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीतच पाठवा. पाऊस लागला की साथी सुरू होतात, आणि मग केंद्रातल्या कोणालाच तुमच्याशी बोलायला सवड मिळत नाही.