लाईट बिल आणि गॅस: कात्री नेमकी कुठे लावायची

बिलावरची रक्कम जरा बाजूला ठेवा आणि दोनच आकडे शोधा: युनिट किती जळले आणि रीडिंग किती दिवसांचं आहे. एकाला दुसऱ्याने भागा. २९ दिवसांत २६१ युनिट म्हणजे रोजचे ९. ३३ दिवसांत २९७ म्हणजेही रोजचे ९च. दुसरं बिल जड वाटतं, पण घरात काहीच बदललेलं नसतं. हा रोजचा आकडा गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. आकडा तोच आणि रक्कम वाढलेली असेल, तर दर किंवा इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चापोटी बिलात लावतात तो) चढलाय. त्यावर तुमचा इलाज नाही. आकडाच वाढला असेल तर गळती घरात आहे. आणि रीडिंगच्या जागी ‘सरासरी’ लिहिलं असेल तर मीटर कुणी वाचलेलंच नाही. मीटरचा फोटो काढून त्याच आठवड्यात तक्रार टाका.

मुंबईत वीज कंपनी बेस्ट असो, अदानी, टाटा किंवा मुलुंड-भांडुपकडे महावितरण, घरगुती दर युनिटच्या टप्प्यांनी चढतात: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत, त्यापुढे. ‘३०० ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात’ हे चाळीपासून टॉवरपर्यंत सगळीकडे ऐकू येतं, आणि ते चूक आहे. महाग होतो तो ३०१वा आणि त्याच्या पुढचे. पण याचीच दुसरी बाजू कामाची आहे: तुम्ही जो युनिट वाचवता तो नेहमी सगळ्यात वरच्या, सगळ्यात महाग टप्प्यातला असतो. म्हणून हिशेब सरासरी दराने करू नका. बिलाच्या मागे तुमच्या वरच्या टप्प्याचा दर बघा, त्यात वहन आकार (वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचा) आणि इंधन आकार मिळवा, आणि बेरजेला १.१६ ने गुणा, कारण वर १६ टक्के वीज शुल्क बसतं. येणारा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवा. खाली तो १२ रुपये धरलाय. तुमचा वेगळा असेल.

आता मीटरकडे. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० सारखा एक आकडा छापलेला असतो. म्हणजे इतक्या वेळा दिवा मिचकावला की एक युनिट. ६०,००० ला या आकड्याने भागा. ३२०० असेल तर उत्तर जवळपास १९. मिनिटाला एक लुकलुक म्हणजे घरात १९ वॅट चालू आहेत. मुंबईत मीटर बहुधा तळमजल्यावर असतं, तेव्हा एकाने फोन घेऊन खाली उभं राहायचं, दुसऱ्याने वर एकेक वस्तू चालू-बंद करायची. अर्ध्या तासात अख्ख्या घराचा हिशेब लागतो.

सुरुवात सगळं बंद करून करा, फ्रिजचा प्लगसुद्धा काढा. दिवा थांबायला हवा. थांबला नाही तर घरातला मेन स्विच पाडा. तरीही लुकलुकतोय? मग मीटर आणि तुमच्या दारामधल्या वायरवर कुणाचं तरी ओझं आहे, जुन्या इमारतींत बऱ्याचदा पॅसेजचा दिवा. मेन पाडल्यावर थांबला तर गळती घरातल्या वायरिंगमध्ये आहे किंवा एखादी वस्तू चालू राहिली आहे. दोन्ही बाबतीत परवानाधारक इलेक्ट्रिशियनच बोलवा; मीटरच्या पेटीला स्वतः हात लावू नका.

बराच पैसा पंख्यात मुरतो, आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. मुंबईत हॉलचा पंखा पंधरा-पंधरा तास फिरतो. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) साधारण ३०. म्हणजे महिन्याला २० युनिट, १२ रुपयांनी २४० रुपये. तीन हजारांचा पंखा वर्ष-सव्वा वर्षात फिटतो. बेडरूममधला आठच तास चालत असेल तर त्याला दोन वर्षं लागतील. तेव्हा सगळे एकदम बदलू नका, हॉलचा आधी. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून साधा स्विच लावायला सांगा. रेग्युलेटर तसाच ठेवला तर पंखा घरघरतो आणि आतला सर्किट बोर्ड उडू शकतो. बोर्डाची वॉरंटी किती, हे घेतानाच विचारा. जुना पंखा नुसता मंद झाला असेल तर मात्र तो बदलायची घाई नको. बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर गेलेला असतो, आणि तो किरकोळ पैशांत मिळतो.

गीझरचं गणित सोपं आहे. १५ लिटर पाणी २७ अंशांवरून ५० वर न्यायला ०.४ युनिट लागतो. मुंबईच्या थंडीला ५० पुरेसं आहे. ६५ वर ठेवून मग बादलीत गार पाणी ओतण्यात काही अर्थ नाही. आंघोळी लागोपाठ उरका आणि बटण बंद करा. सेटटॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी दहाएक वॅट ओढत राहतो, महिन्याला ७ युनिट. भिंतीवरचं बटण बंद करायची सवय लावा. फ्रिजच्या दारात नोट अडकवून ओढा. सहज निघाली तर रबर गेलंय. दमट हवेत रबरावर काळी बुरशी धरते. आधी साबणाच्या कोमट पाण्याने पुसून बघा. एसी २५-२६ वर आणि सोबत पंखा, जाळी पंधरा दिवसांनी धुतलेली, एवढं पुरे.

गॅसची तुलना मात्र नीट करायला हवी, कारण ‘इंडक्शन घ्या, स्वस्त पडतं’ हा सल्ला हल्ली सरसकट मिळतो. १४.२ किलोच्या बाटल्याइतकी उष्णता भांड्यात उतरवायला इंडक्शनवर साधारण १४० युनिट लागतात. बाटल्याच्या भावाला १४० ने भागा. ९०० रुपयांचा बाटला असेल तर साडेसहाच्या आत उत्तर येतं. म्हणजे युनिट तुम्हाला त्याहून स्वस्त पडत असेल तरच इंडक्शन परवडेल. १२ रुपयांच्या टप्प्यात बसलेल्या घराला ते तोट्याचं आहे. पाईप गॅसवाल्यांनी त्यांच्या गॅसच्या एका युनिटच्या (घनमीटरच्या) दराला ७ ने भागावं.

बाटला घेताना वजन करून मागा: कड्यावर लिहिलेलं रिकामं वजन अधिक १४.२ किलो भरलं पाहिजे. पाईप गॅस नव्याने आला असेल तर जुन्या शेगडीचे जेट (गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या) कंपनीच्या माणसाकडून बदलून घ्या. बाटल्याचे जेट बारीक असतात. त्यावर पाईप गॅसची आच दुबळी येते आणि भात शिजता शिजत नाही. ज्योत पिवळी आणि भांडी बुडाशी काळी होत असतील तर बर्नरची भोकं पिनेने साफ करा.

कुकरमध्ये तळाला डाळ, वर भात, त्यावर बटाटे, तिन्ही एकदम. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक. पुढच्या शिट्ट्या म्हणजे पैसे देऊन तापवलेली वाफ खिडकीबाहेर सोडणं. मोजायची ती मिनिटं, शिट्ट्या नव्हेत. बंद केल्यावर कुकर नळाखाली धरू नका, आतल्या वाफेवर शिजणं चालूच असतं. वाटाणे-हरभरे रात्रीच भिजत घाला.

राहिली महिन्याची तोंडमिळवणी. गेल्या बारा बिलांची बेरीज करून बाराने भागा आणि तेवढे पैसे दर महिन्याला वेगळे काढा, जानेवारीचं बिल कमी आलं तरी. मे महिन्याचं आणि ऑक्टोबर हीटचं बिल त्यातूनच जातं, वाण्याच्या पैशांना हात लागत नाही. बिलावर लवकर भरण्याची तारीख आणि त्यावरची सूट छापलेली असते. रक्कम आधीच बाजूला असली की ती सूटही चुकत नाही.