दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करून कमांड कशा चालवाव्यात

घरातला जुना लॅपटॉप फेकून देऊ नका. त्यावर उबुंटू ही लिनक्स सिस्टीम टाका, माळ्यावर किंवा राउटरशेजारी ठेवून द्या, आणि हॉलमध्ये बसून त्याच्यावर काम करा. सर्व्हर चालवायला शिकायचं तर याहून चांगली शाळा नाही. पुढे ऑफिसचा किंवा भाड्याने घेतलेला सर्व्हर हाताळताना सगळं असंच असतं, फक्त अंतर वाढतं.

यासाठी लागतं ते एसएसएच, म्हणजे सिक्युअर शेल: दूरच्या मशीनशी गुप्त जोडणी करून तिथे कमांड चालवू देणारा प्रोग्रॅम. पूर्वी याच कामाला टेलनेट वापरत. त्यात पासवर्ड तारेतून उघडाच जायचा, मध्ये कान लावून बसलेल्याला सरळ वाचता यायचा. १९९५मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, म्हणून तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. मशीनवरच्या प्रत्येक सेवेच्या दाराला एक नंबर असतो, त्याला पोर्ट म्हणतात. फाइल पाठवणाऱ्या एफटीपीचं पोर्ट २१, टेलनेटचं २३. त्यांनी मधलं रिकामं २२ मागून घेतलं. आजही तेच चालतं.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरा.)

आधी त्या जुन्या लॅपटॉपवर, त्याच्यासमोर बसूनच, एवढं करा:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर

मग त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) बघून कागदावर लिहून ठेवा. आता तुमच्या रोजच्या मशीनवर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा. मॅक आणि लिनक्सवर एसएसएच असतंच. विंडोज १०मध्येही ते २०१८पासून येतं, पॉवरशेल उघडलं की पुरे. तिथे टाइप करा:

एसएसएच केतकी@१९२.१६८.१.२०

केतकी हे समोरच्या मशीनवरचं युजरचं नाव, पुढे पत्ता. एंटर दाबल्यावर एक प्रश्न येतो, आणि इथे मला तुम्हाला थांबवायचं आहे. ही मशीन ओळखीची नाही, तिच्या कीचा (ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्लीचा) ठसा असा-असा आहे, पुढे जायचं का, असं ते विचारतं. बहुतेक जण न वाचता येस टाइप करतात. तसं करू नका. पासवर्ड खऱ्या मशीनला देतोय की मध्येच उभ्या असलेल्या भलत्याच कुणाला, हे कळण्याची जागा हीच. ठसा ४३ अक्षरांचा असतो. एसएसएच-कीजेन कमांडला वजा एलएफ (-एलएफ) आणि होस्ट कीच्या, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या कीच्या, फाइलचा पत्ता दिला, की तोच ठसा सर्व्हरच्या स्क्रीनवर दिसतो. दोन्ही ताडून बघा. सर्व्हर दुसऱ्या गावी असेल तर तिथल्या माणसाला फोन करून वाचून दाखवायला सांगा. हे एकदाच करावं लागतं. पुढच्या वेळी तुमची मशीन ठसा लक्षात ठेवते. नंतर कधी ठसा बदलल्याचा मोठा इशारा आला आणि समोर नव्याने सिस्टीम टाकलेली नसेल, तर पासवर्ड देऊ नका, आधी चौकशी करा.

पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, चांदण्यासुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही. टाइप करून एंटर दाबा.

आत गेलात की प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायच्या जागेआधीचा मजकूर, बदलतो: केतकी@माळा असं काहीतरी दिसतं, त्यात माळा हे मशीनचं नाव. कमांड देण्याआधी हे नाव वाचायची सवय लावा, विशेषतः शटडाउन किंवा काही पुसायची कमांड असेल तेव्हा. चार खिडक्या उघड्या असल्या की हात चुकतो, आणि दूरची मशीन बंद पडली तर तिचं बटण दाबायला तिथे कुणीतरी असावं लागतं.

एकच कमांड द्यायची असेल तर आत जायचीही गरज नाही. पत्त्यानंतर जागा सोडून ती लिहा:

एसएसएच केतकी@१९२.१६८.१.२० 'डीएफ -एच'

डिस्क किती भरली ते दाखवून तुम्ही लगेच परत. अवतरण चिन्हं विसरू नका. पाइप (एका कमांडचं उत्तर दुसरीला देणारी उभी रेघ, |) अवतरणांच्या आत असला तर पुढचा भाग तिकडे चालतो, बाहेर असला तर तुमच्या मशीनवर.

आता पासवर्डऐवजी की. एसएसएच-कीजेन चालवलं की दोन फाइल तयार होतात. प्रायव्हेट की आपल्याजवळच ठेवायची, कुणालाही पाठवायची नाही. पब्लिक की सर्व्हरवर ठेवायची. मॅक आणि लिनक्सवर एसएसएच-कॉपी-आयडी ती नेऊन ठेवतं. विंडोजवर ते नाही, तिथे पब्लिक कीची ओळ हाताने सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड_कीज फाइलमध्ये टाका. प्रायव्हेट कीला पासफ्रेज, म्हणजे तिचा स्वतःचा पासवर्ड, जरूर द्या. लॅपटॉप हरवला तर तोच आडवा येतो.

कीने लॉगिन नीट होतंय असं दिसलं की सर्व्हरवरचं पासवर्डने लॉगिन बंद करा. हे करताना उघडी खिडकी मिटू नका. सेटिंगच्या फाइलमध्ये बदल करा, एसएसएचची सेवा रीस्टार्ट करा आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने आत जाऊन बघा. मी एकदा घाईत पहिली खिडकी मिटली. सेटिंगमध्ये एक अक्षर चुकलं होतं, सेवा परत उठलीच नाही. रात्री अकरा वाजता एका सहकाऱ्याला स्क्रीन आणि कीबोर्ड घेऊन सर्व्हर रूममध्ये जावं लागलं. त्यानंतर दुसरी खिडकी उघडल्याशिवाय मी या फाइलला हात लावलेला नाही.

लांबलचक काम असेल, बॅकअप किंवा मोठं अपडेट, तर आधी सर्व्हरवर टीमक्स (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) चालवा आणि काम त्याच्या आत सुरू करा. तुमच्याकडची वीज गेली, वायफाय तुटलं तरी तिकडचं काम चालूच राहतं. पुन्हा लॉगिन करून टीमक्स अटॅच म्हटलं की सोडलं होतं तिथेच येता. नुसत्या एसएसएचमध्ये सुरू केलेलं काम मात्र जोडणी तुटली की बहुधा मध्येच मरतं.

कधी खिडकी गोठते, एकही अक्षर उमटत नाही. तेव्हा एंटर, मग लहरी रेघेचं चिन्ह (~), मग टिंब, असं ओळीने दाबा. जोडणी तुटून तुम्ही आपल्या मशीनवर परत येता. एरवी निघताना एक्झिट टाइप करा, आणि प्रॉम्प्टवर आपल्याच मशीनचं नाव आलंय ना, तेवढं बघा.