‘माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान’ लिहायचंय? आधी आंतरवासितेची वही काढा

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची आंतरवासिता, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, संपत आली की आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी तीच धांदल. छात्राध्यापक फायली पसरून बसतात आणि ‘माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान’ हे फाइलीतलं टिपण एकमेकांच्या कागदावरून उतरवून काढतात. विद्यार्थी केंद्रबिंदू, शिक्षक सुलभक, मूल मातीचा गोळा, गुरू कुंभार. एका कागदावर तर मूल पहिल्या ओळीत मातीचा गोळा होतं आणि चौथ्या ओळीत स्वतःचं ज्ञान स्वतः रचत होतं. मातीचा गोळा काय रचणार? दहाएक वर्षं असले कच्चे कागद वाचून माझा धीर सुटलाय, म्हणून हे लिहितेय.

१. वाद बाजूला ठेवा. आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद हे तत्त्वज्ञानाचे पंथ पेपरात लिहून झालेत. आपण कोणत्या गोटातले, हे इथे ठरवायचं नाहीये.

२. वहीतून तीन प्रसंग काढा. सगळ्यांची गाडी अडते ती इथेच, आणि माझीही अडली होती. आपण छान शिकवलं ते प्रसंग नकोत. घरी जाताना बसमध्ये डोक्यात घोळत राहिले, ते हवेत.

माझा सांगते. सराव पाठ, सहावीचा वर्ग, अपूर्णांकांची बेरीज. तास पस्तीस मिनिटांचा, निरीक्षक मागच्या बाकावर. फळ्यावर १/२ + १/३. एक मुलगा उठून म्हणाला, २/५. मी म्हटलं, ‘चूक, बस खाली.’ बसता बसता तो पुटपुटला, ‘पण बाई, पहिल्या चाचणीत दोनपैकी एक बरोबर आलं, दुसरीत तीनपैकी एक. मग पाचपैकी दोन झाले ना?’

आता बघा, त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गुणांची बेरीज अशीच करतात. पण तिथे एकूण प्रश्नच वाढत जातात. अर्ध्या भाकरीत त्याच मापाच्या भाकरीचा तिसरा हिस्सा घातला तर भाकरीचं माप तेच राहतं, म्हणून ५/६. ‘अर्ध्यात भर घालून अर्ध्याहून कमी कसं होईल रे?’ एवढं विचारलं असतं तरी तो स्वतःच चमकला असता. पाच मिनिटांचं काम. मी ती दिली नाहीत, कारण टाचणातले, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यातले, मूल्यमापनाचे प्रश्न राहिले होते. पाठाला गुण चांगले पडले. दुसऱ्या दिवशी वही पाहिली, तर त्यानं २/५ खोडून ५/६ केलेलं. कसं आलं विचारलं, तर म्हणाला, ‘तुम्हीच फळ्यावर लिहिलं ना.’

त्याच आठवड्यात मी फाइलीत लिहिलं होतं, ‘मुलांच्या चुकांतून शिक्षण फुलते.’ तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी ते वाचलं आणि शांतपणे विचारलं, ‘शेवटची कोणती चूक फुलवलीत?’ मला एकही सांगता आली नाही.

तेव्हा प्रसंग लिहिताना ‘मला वाटलं’ ने सुरुवात करू नका. मूल काय म्हणालं, तुम्ही काय म्हणालात, पुढे काय केलंत, एवढंच लिहा. मग खाली एका प्रश्नाचं उत्तर द्या: त्या क्षणी मी कशाला जास्त किंमत दिली? माझं उत्तर होतं, ‘निरीक्षकांच्या शेऱ्याला.’ हे दोन शब्द कागदावर यायला मला दोन दिवस लागले. तुमचं उत्तर चटकन आलं आणि कानाला गोड लागलं, तर ते खोटं आहे असं खुशाल धरून चाला.

इथे दुसरा खड्डा आहे, पश्चात्तापाच्या निबंधाचा. पानभर ‘मी कमी पडले’ वाचण्यात कुणालाच रस नसतो. पुढच्या वेळी काय कराल आणि त्यासाठी काय सोडाल, हे एका वाक्यात मांडा. मी लिहिलं: ‘चुकलेलं मूल कारण सांगत असेल तर ते पूर्ण ऐकून मगच फळ्याकडे वळेन; त्यापायी टाचण अर्धं राहिलं तर राहील.’

वाक्य पारखायचं असेल तर ते उलटं करा. ‘सर्व मुलांवर प्रेम करीन’ उलटं केलं तर तसं म्हणणारा शिक्षक सापडेल का? नाही ना, मग वाक्य खोडा. ‘टाचण अर्धं राहिलं तर राहील’ याला मात्र निम्मी स्टाफरूम विरोध करेल, म्हणून ते ठेवा. आणि ‘मुलांना मारणार नाही’ हे तत्त्वज्ञान नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं ते कलम १७ आहे, पाळावंच लागतं.

३. अवतरणं नको, निर्णय शोधा. थोरांची वाक्यं चिकटवण्यापेक्षा त्यांनी काय केलं, काय मागितलं ते पाहा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा या एका शब्दात अख्खं तत्त्वज्ञान आहे. किंवा जोतीराव फुल्यांचं १८८२ चं, इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढचं निवेदन घ्या. बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण, अभ्यासक्रमात मोडी लिपी, हिशेब आणि शेतीची तोंडओळख, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले, लोकांत मिसळणारे. एकेक मागणी नेमकी, नाही म्हणता येईल अशी. तुमच्या वाक्याशी नातं सांगणारा असा एकच निर्णय निवडा. सात नावांची यादी दिलीत, तर मी एकही वाचत नाही.

४. लिहा. एक पान, तीन प्रसंग, तीन वाक्यं, एक निर्णय.

५. तारीख घाला आणि एक प्रत घरी ठेवा. नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत ती काढा. जे वाक्य पाळता आलं नाही, त्याखाली कारण लिहा. माझ्या प्रतीत अपूर्णांकाच्या वाक्याखाली पेन्सिलीनं लिहिलंय, ‘वर्गात ६२ मुलं’. वाक्य मी काढलं नाही. ‘मगच फळ्याकडे वळेन’ खोडून तिथे ‘मधल्या सुट्टीत बोलावून ऐकेन’ केलं.