नऊ आठवडे वजन ७८ वरच: घोळ तेलाच्या बरणीत होता

८४ वरून ७८ किलोवर आले आणि काटा तिथेच ढिम्म. रोज पाऊण तास चालणं, रात्री भात बंद, तरीही. एक पोळी कमी केली, चालणं सव्वा तासावर नेलं, लिंबू-मध-पाणी प्यायले (मध म्हणजे साखरच, हे नंतर सुचलं). थायरॉइड तपासलं, नॉर्मल. रडायचंच बाकी होतं.

उपाय लागू पडला तो असा. पहिले सात दिवस खाणं तेच ठेवलं. फक्त डिजिटल काट्यावर सगळं कच्चं मोजून लिहिलं. तेलाची बरणी सकाळ-रात्र तोलली. माझ्या वाट्याला दिवसाला ४५ ग्रॅम तेल येत होतं; ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे चारशेच्या वर! कोशिंबिरीतलं ‘चिमूटभर’ दाण्याचं कूट निघालं ३० ग्रॅम, आणखी १७०.

मग तेल २० ग्रॅमवर आणलं, फोडणी मोजून. कूट १० ग्रॅम. पोळी परत सुरू केली, भूक आवरेना म्हणून. वजन रोज सकाळी, पण बघायची ती आठवड्याची सरासरी. एका दिवसाचा आकडा मीठ-पाण्यानेही हलतो.

पाचव्या आठवड्याची सरासरी: ७६.९.